तळमजल्यावरची खोली

९ जानेवारी

घुम्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही आणि 'प्रभूमध्ये सलाम'ही नाही. ते विसरलेलं नाही, गाळलेलं आहे. इतक्या वर्षांत माझं एकही पत्र सलामाशिवाय सुरू झालेलं नाही, तेव्हा तुझे दाजी भडकलेत हे एवढ्यावरून तुझ्या लक्षात येईल. फोन करू नकोस. फोनवर बोलणार तू आणि मी नेहमीसारखा 'हो, हो' म्हणत ठेवून देणार. लिहिताना मात्र तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझं भाषण आम्ही ऐकलं.

मंगळवारी दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका दुकानात आल्या होत्या. खालची कवळी हिरडीला लागते अशी त्यांची तक्रार. मी कवळी घासायला घेतली आणि त्या बाकावर बसून फोनवर काहीतरी ऐकू लागल्या. भिंगरी खिडकीजवळच्या टेबलावर मेणात पुढचे दात बसवत होती. "हे ऐका, किती सुरेख सांगतात," बाई म्हणाल्या. खालचे दात माझ्या हातात असल्यामुळे शब्द नीट आले नाहीत, पण अर्थ लागला. त्यांनी आवाज वाढवला आणि भिंगरी खुर्ची मागे सारून उठलीच. "बाबा, हा तर मामा आहे." हात पुसत, कौतुकाने फुलून ती बाकाशी आली. बाईंना तिने सांगूनही टाकलं की हा माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ, लहानपणी इतका गप्प असायचा की आईने त्याचं नाव घुम्या ठेवलं, आणि आता त्याला ऐकायला मांडव भरतात.

मग आम्ही तिघांनी मिळून तुला ऐकलं.

नीतिमान माणूस कसा ओळखावा, हा तुझा विषय. आधी मरीयेच्या योसेफाचं सांगितलंस. मग म्हणालास, योसेफ काही फक्त पवित्र शास्त्रात नसतो, आमच्या घरात एक आहे. माझ्या बहिणीचे यजमान. दातांच्या कवळ्या करतात. खोटे दात करणारा खरा माणूस. लोक हसले. हसणं ओसरेपर्यंत तू थांबलास, कुठे थांबायचं हे तुला छान जमतं. आणि मग सगळं सांगितलंस. तुझ्या बहिणीला दिवस गेलेले, ज्याचं मूल तो पळालेला, वडिलांनी तिच्या तोंडावर दार लावलेलं. अशा पडलेल्या बाईला या माणसाने मागणी घातली आणि दुसऱ्याचं लेकरू आपलं म्हणून वाढवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, म्हणालास, देवावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी त्यांना विचारलं, का करता हे? तर ते म्हणाले, "देवाने मला सांगितलं, मी आज्ञा पाळली." त्या दिवशी मी गुडघे टेकले. मांडवाने 'आमेन' म्हटलं. मुख्याध्यापिकेनेही म्हटलं.

भिंगरी टेबलाशी परत गेली, एक दात मेणात बसवला, काढला, पुन्हा बसवला. मग अ‍ॅप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि बाहेर पडली. मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझा हात धरून त्यांनी विचारलं, तुम्हीच का ते? मी त्यांच्या हातावर त्यांची कवळी ठेवली आणि म्हटलं, चावून बघा.

भिंगरीला हे माहीत नव्हतं. आणि तिला माहीत नाही, हे तुला माहीत होतं. सातव्या महिन्यात जन्मली, घाईची पोर, असं म्हणून तिच्या प्रत्येक वाढदिवसाला आपण तिला चिडवलं. भिंगरी हे नाव त्यावरूनच तू ठेवलंस. केक कापताना सगळ्यांत मोठ्याने हसायचास तूच.

मला एकच विचारायचं आहे. एवढ्या मोठ्या मांडवात उभं राहिल्यावर तुला सांगायला आमच्याशिवाय दुसरं कोणी सापडलं नाही?

तुझ्या भाषणातला
नीतिमान माणूस

२२ जानेवारी

घुम्या,

तुझं पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं. तुझ्या ताईने पहिलं पान वाचलं, घडी घातली आणि भाजी चिरायला गेली.

तू नाव घेतलं नाहीस, असं लिहितोस. ही आपल्या मंडळीतली जुनी पद्धत मला ठाऊक आहे. देवाने काय केलं याची साक्ष देताना नाव गाळायचं, गाव गाळायचं, 'एक बहीण', 'एक बंधू' म्हणायचं, की सगळं झाकलं गेलं असं आपण धरून चालतो. पण अरे शहाण्या, तू धंदा सांगितलास. मेहुणा प्रचारक आहे असे कवळ्या करणारे जगात किती असतील? तुझं भाषण आमच्या मंडळीतल्या सगळ्या फोनांवर फिरून झालं आहे.

कधी नव्हे तो मी संत झालो. रविवारी मी मागच्या बाकावर दारापाशी बसतो, खोकला आला तर बाहेर जाता यावं म्हणून. आता लोक मान वळवून त्या बाकाकडे बघतात. ज्याने उभ्या जन्मात माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलणं केलं नाही, त्या निवृत्त स्टेशनमास्तरने माझे दोन्ही हात हातात घेऊन डोळे मिटले. मला शिंक येत होती, ती मी दाबून धरली. आणि बायका तुझ्या ताईचा हात दाबतात, डोळे टिपतात आणि म्हणतात, तुम्ही किती भाग्यवान. त्याच्या पुढच्या रविवारी ती आलीच नाही. रविवारच्या शाळेत तिचा वर्ग दुसऱ्या कोणी घेतला.

मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, लोक चांगलंच बोलतायत आपल्याबद्दल. तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"तुमच्याबद्दल बोलतायत. त्या गोष्टीत तुम्ही संत झालात, तो साक्षीदार झाला, आणि मी कोण? पडलेली बाई. मी पडले नव्हते. मी एका माणसावर विश्वास टाकला होता, तो खोटा निघाला. मग आयुष्यात फार थोड्यांवर टाकला, त्यांत एक माझा भाऊ होता."

मीही भाजी चिरायला बसलो.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. आमच्या कपाटाच्या वरच्या खणात दोन तिकिटं आहेत. मार्चमध्ये मायलेकी समुद्रावर जाणार होत्या, दोघीच. तिथे ताई तिला सांगणार होती. स्वतःच्या तोंडाने, तिला जमेल तसं, मधे रडू आलं तर थांबून. कितीतरी दिवस ती त्याची तयारी करत होती. स्वयंपाक करताना तिचे ओठ हलायचे आणि मला कळायचं की कुठलं वाक्य आधी घ्यावं ते ती लावून बघतेय. आणि धीर होत नव्हता म्हणून तिने तुला लिहिलं. माझ्यासाठी प्रार्थना कर, म्हणाली. जगात तिने हे दोघांना सांगितलं होतं, एक मी आणि एक तू.

तू आता लिहितोस की तिचं पत्र आलं, तू प्रार्थनेला बसलास, प्रार्थना करता करता मन भरून आलं, आणि त्याच आठवड्यात मांडवात उभा राहिलास तेव्हा तेच ओठांवर आलं. आत्म्याने सुचवलं, असं तू म्हणतोस. घुम्या, ते आत्म्याने सुचवलं नव्हतं. ते तुझ्या ताईने कळवलं होतं, पोस्टाने.

आपल्या लोकांची ही खोड मी लहानपणापासून बघतो आहे. एखाद्याच्या घरातली गोष्ट तशी सांगितली तर ती चहाडी होते, आणि 'प्रार्थनेचा विषय आहे हं' म्हणून सांगितली की ती भक्ती होते. पण तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं. आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांत जास्त सुरक्षित कुठे असेल तर तुझ्याकडे, अशी माझी खात्री होती. तुझ्या नावावरच गेलो मी.

त्या संध्याकाळी प्रभूला स्वीकारायला कितीतरी जणांनी हात वर केले, हे तू तीन वेळा लिहिलंस. त्यांचं भलं होवो, हे मी मनापासून म्हणतो. त्यांतल्या कोणाचं घर सावरलं असेल तर मला आनंद आहे. पण हात वर करून ते सगळे आपापल्या घरी गेले, आणि आमच्या घरातून एक जण निघून गेली. भिंगरी तिच्या एका नर्स मैत्रिणीच्या खोलीवर राहते. कामाला येते, कारण दंतवैद्यांना दिलेल्या तारखा ती चुकवत नाही. येते, टेबलाशी बसते, काम करते, जाते. परवापासून ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली आहे. "तुम्ही प्लास्टर भिजवलंत का?" चालायला लागल्यापासून ही पोर मला अरेतुरे करते, तुझ्या ताईने दटावूनसुद्धा तिने कधी सोडलं नव्हतं. मी प्लास्टर भिजवलं. इतकं पातळ झालं की ओतून द्यावं लागलं.

शेवटच्या पानावर तू मला शास्त्र ऐकवलंस, की माणसं प्रभूकडे आणणं यातच शहाणपण आहे. शास्त्र मीही वाचतो, हळू वाचतो एवढंच. त्याच ठिकाणी, त्याच्या आधी, नीतीने वागणाऱ्याचं जगणं झाडासारखं असतं असं आहे. आधी झाड आणि मग माणसं. झाड भाषण करत नाही. येणाऱ्याला सावली देतं आणि मागच्या वेळी इथे कोण बसलं होतं ते सांगत नाही.

दाजी लिहावं असं आज वाटत नाही.

४ फेब्रुवारी

घुम्या,

काल पाळकसाहेब घरी आले होते. त्यांनी तुला फोन केला होता म्हणे, तेव्हा तुला पुढचं ठाऊक असेल. आम्ही दोघांनी येत्या रविवारी पुढे उभं राहून साक्ष द्यावी अशी त्यांची इच्छा आहे. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही साक्ष दिली नाही, ते मला म्हणाले, आता देवाने दार उघडलं आहे. मी म्हटलं, साहेब, दार उघडलेलं नाही, मोडलेलं आहे, आणि मोडणारा आमचाच आहे. माणूस भला आहे. चहा संपवून, फार न ताणता गेले. जाताना तुझ्या ताईला म्हणाले, क्षमा करायला शिका. ती म्हणाली, आधी कोणी मागायला तर हवी.

आणि आज तुझं दुसरं पत्र. मार्चच्या मोठ्या मेळाव्यात तू भर मांडवात आमची क्षमा मागणार आहेस. वाचून मला आधी हसू आलं आणि मग मी चष्मा काढून ठेवला. अरे, म्हणजे पहिल्या भागात आमची अब्रू आणि दुसऱ्या भागात तुझा पश्चात्ताप. लोक पुन्हा रडतील, पुन्हा 'आमेन' म्हणतील, पुन्हा कोणीतरी ते फोनवर घेईल. तुला मांडवाशिवाय काही करताच येईनासं झालंय का? ताईच्या दारात एकट्याने येऊन उभं राहायला तुला कोण अडवतं? तिथे फक्त माईक नाही, एवढंच.

तू मला योसेफ म्हणालास, तर योसेफाचंच बघू. अख्ख्या शास्त्रात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. देवदूत बोलतात, मेंढपाळ बोलतात, राजे बोलतात, योसेफ काही बोलत नाही. आणि त्याला नीतिमान म्हटलंय ते कशासाठी, ते तू भाषणात वगळलंस. देवदूताचं स्वप्न पडायच्या आधीच म्हटलंय. लग्नाआधी दिवस गेलेल्या मरीयेचा बोभाटा होऊ नये, जे करायचं ते गुपचूप करावं, असं त्याच्या मनात आलं, म्हणून. तेवढ्यासाठीच म्हटलंय, घुम्या. ज्या गोष्टीसाठी तो नीतिमान ठरला, तीच तू माझ्या बाबतीत चव्हाट्यावर मांडलीस, आणि तीही माझं कौतुक करायला. कोणी माझी निंदा केली असती तर मी निस्तरलं असतं. कौतुकाचं काय करायचं ते मला कळत नाही.

पण मी हे सगळं लिहितोय ते खरं सांगायचं तर एक गोष्ट टाळायला. ती लिहून टाकतो.

शुक्रवारी भिंगरी काम आवरत होती. ब्रश धुऊन ठेवले, दातांची रंगपट्टी डब्यात ठेवली, दिवा विझवला. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "एक सांगा. आज्ञा झाली नसती तर?"

मला कळलं ती काय विचारतेय. गेले कित्येक दिवस हिला काय खातंय तेही कळलं. मी दुसऱ्या कोणाची आहे, हे भाषणानंतर तिने आईकडूनही ऐकून घेतलं होतं. रडली, भांडली, पण ते तिने गिळलं. तिला जे गिळता येत नाही ते तुझं वाक्य आहे. देवाने सांगितलं म्हणून. म्हणजे सायकल शिकवली ती आज्ञा, गोवराच्या तापात उशाशी बसलो ती आज्ञा, माझ्या हाताखाली काम शिकवलं तीही आज्ञाच. एका नीतिमान माणसाने उचललेलं ओझं, म्हणजे ती. मी घाबरलो, घुम्या. इतका घाबरलो की तिला म्हटलं, चहा घेतेस का? ती म्हणाली, "नको, तुम्ही घ्या." आणि गेली.

आता तुला सांगतो मी का गप्प बसलो. देवाने मला काही सांगितलं नव्हतं. 'मी आज्ञा पाळली' असं मी तुला कधी म्हणालोच नाही. असलं छापील वाक्य माझ्या तोंडून निघेल का, तूच सांग. त्या दिवशी जिन्यावर तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं हे खरं, पण उत्तर दुसरंच होतं. तुला ते आठवतं का? नीट आठव.

भिंगरीला खरं सांगायचं तर तुझी साक्ष खोटी पडते. आणि तू त्या वाक्यावर गुडघे टेकलेस, त्याच्यावर तुझं सगळं आयुष्य उभं आहे. मी रागावलोय तुझ्यावर, पण तुझ्या पायाखालचा दगड काढून घ्यावा एवढा नाही. निदान पंधरा दिवसांपूर्वी नव्हतो. आता एकीकडे तुझी साक्ष आणि दुसरीकडे माझी पोर. तुला काय म्हणायचं असेल ते कळव, पण मी फार थांबणार नाही.

कवळीवाला

१९ फेब्रुवारी

घुम्या,

तुझा फोन तुझ्या ताईने उचलला, हे मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तू रडत होतास म्हणाली. ती काय बोलली ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. फक्त तुझा निरोप दिला, की दाजींचं उत्तर मला तसंच आठवतं, दुसरं काही आठवत नाही, शपथ घेऊन सांगतो.

माझा विश्वास बसला. तू खोटं बोलला नाहीस. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी इतक्या वेळा सांगितलंस, की दर वेळी थोडं घासलं गेलं, थोडी चकाकी आली, आणि खाली मूळ काय होतं ते तुझं तुलाच दिसेनासं झालं. माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. जास्त पॉलिश केलं की दात सुंदर दिसतो आणि चावायच्या कामाचा राहत नाही.

तर मी भिंगरीला सांगितलं. दुपारी, दुकानात, दोघंही आपापल्या टेबलाशी. तोंड समोर असतं तर जमलं नसतं. मी म्हटलं, आज्ञा झालीच नव्हती. तिचा हात थांबला. मग मी सुरुवातीपासून सांगितलं, आणि आता तुलाही सांगतो, कारण यातलं निम्मं तुला कधी कळलेलं नाही.

तुझ्या आईची वरची कवळी धुताना हातातून सुटली आणि तिचे दोन तुकडे झाले. ते तुकडे रुमालात गुंडाळून तुझी ताई माझ्याकडे आली. मला तेव्हा तिच्याकडे बघून बोलता येईना, म्हणून मी तुकड्यांकडे बघून बोलत होतो, आणि ती म्हणाली, ते तुकडे उत्तर देणार नाहीत, उत्तर मला द्यायचंय. मी तिथेच संपलो. काम एका खेपेत होणारं होतं. मी म्हटलं, अजून वाळायचंय, उद्या या. उद्या म्हटलं, अजून बसायचंय, परवा या. हा तुझा नीतिमान माणूस. तुझी आई बिचारी तेवढे दिवस पेज पीत होती.

मग ताई यायची बंद झाली आणि कवळी न्यायला तू आलास. आधी काहीच बोलेनास, घुम्याच होतास. कवळी खिशात घातलीस, दारापर्यंत गेलास आणि तिथे उभ्याउभ्या रडायला लागलास. तिला घराबाहेर काढलंय, ती त्या गिरणीमागच्या इमारतीत सगळ्यांत वरच्या खोलीत राहते, तिला दिवस गेलेत, सगळं तुझ्याकडूनच कळलं. मी दुकान बंद केलं आणि तुझ्याबरोबर निघालो. ती अर्ध्या जिन्यात बसली होती. बाजूला भरलेली बादली. नळ खाली होता आणि खोली वर, आणि तिला धाप लागली होती. मला बघून तिने पदर ओढून घेतला आणि म्हणाली, अजून वाळायचंय का काही?

मी बादली वर नेऊन ठेवली. खाली आलो आणि तिथेच, पायरीवर, तिला विचारलं. मला तिच्याशी लग्न करायचं होतं ते त्या रुमालाच्या दिवसापासून करायचं होतं. त्यात दया नव्हती. त्याग तर अजिबात नव्हता. ती हो म्हणाली तेव्हा माझ्यासारखा भाग्यवान मीच, असं मला वाटलं. आणि तू कठड्याला धरून उभा होतास. तू विचारलंस, का करता हे? मला तुझ्यासमोर प्रेमाबिमाचं बोलायची लाज वाटली. जे तोंडाला आलं ते म्हणालो.

"माझी खोली तळमजल्यावर आहे. तिला जिना चढवत नाही."

भिंगरी म्हणाली, "एवढंच?"

म्हटलं, एवढंच.

"आणि मी?"

मी म्हटलं, तू तिच्याबरोबर होतीस. तिला एकटीला खाली आणून तुला वर कसं ठेवणार?

ती हसली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा, आणि खळखळून. मग हसताहसताच तिला रडू फुटलं आणि मेणाचा अख्खा जबडा तिने कोपराने खाली पाडला. सगळे दात फरशीवर. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून दात शोधत होतो आणि ती मला म्हणाली, "बाबा, तो सुळा तुझ्या पायाखाली आहे." मी पाय उचलला. डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं, सुळा तिनेच उचलला.

संध्याकाळी ती घरी आली. मैत्रिणीकडचं सामान अजून तिथेच आहे, सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण जेवायला आली.

आता तुझ्याबद्दल. तुझं काय राहतं, असं तुला वाटेल. मी यावर पुष्कळ विचार केला. मला आवाज आला नाही, हे खरं. पण जिन्यावर तिला धापा टाकताना बघून माझ्या पोटात जे तुटलं, ते कोणी घातलं होतं तिथे, ते मला सांगता येत नाही. कदाचित देव त्यालाच सांगणं म्हणत असेल. मी मात्र ते हुकूम म्हणून ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तर कदाचित घाबरून पळालो असतो. तू त्या दिवशी काहीतरी पाहिलंस आणि गुडघे टेकलेस, ते खोटं कसं होईल? पाहिलंस ते खरं होतं. त्याला पुरेसं मोठं वाक्य तुला मिळालं नाही, म्हणून तू एक बनवलंस. बनवायची गरज नव्हती. एक माणूस एका बाईची बादली वर घेऊन गेला, एवढ्यानेही कोणी विश्वास ठेवला असता. तूच ठेवलास की.

भाषण काढून टाकलंस, ठीक केलंस. ज्यांच्या फोनवर आहे त्यांच्या फोनवर आहेच. मार्चच्या मेळाव्यात आमचं नाव, धंदा, खोकला, काहीही निघता कामा नये. मी तुला माफ केलं असं या पत्रात लिहीत नाही, कारण ते खरं नाही. रविवारी मागच्या बाकाकडे माना वळतात, तुझ्या ताईचा वर्ग अजून दुसरीच घेते, आणि जे तिने सांगायचं होतं ते तिच्याआधी सगळ्या जगाने सांगून टाकलं. ते तुला परत करता येणार नाही. मायलेकी समुद्रावर जातायत. भिंगरी म्हणते, सांगायचं राहिलं नसलं तरी विचारायचं बरंच आहे.

त्या परत आल्या की एप्रिलमध्ये ये. एकटा ये. दारात आलास की ताईशी काय बोलायचं ते बोल, आणि मग गप्प बस. जेवणाआधीची प्रार्थना मी करीन, माझी लवकर संपते. ती तुला काही बोलली तर ऐकून घे, नाही बोलली तर तेही ऐकून घे. लहानपणी तुला हे येत होतं.

आणि पुढे कधी साक्ष द्यायचीच झाली, कोणी विचारलंच की तुम्हाला हे सगळं कुठे दिसलं, तर आधी तिला विचार. तिने हो म्हटलं तर फक्त तळमजल्याचं सांग. त्याच्यापुढे काही जोडू नकोस.

भिंगरीचा बाप

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या ताईने पत्र मागून घेतलं आणि ओट्याशी उभ्याउभ्या सगळं वाचलं. परत देताना म्हणाली, खोली ओलसर होती, तेही लिहा त्याला.